देवळांच्या गावात मुक्काम करा

प्रश्न : मी साताऱ्याला राहते. हायस्कूलमध्ये गणित शिकवत होते, आता निवृत्त झाले. मागे आम्ही दोघांनी एका टूरबरोबर युरोप केलं. बसमधून उतरायचं, फोटो काढायचे, पुन्हा बसमध्ये चढायचं. मला प्राचीन अवशेषांची फार ओढ आहे, पण तिथे उभं राहून काही बघायला वेळच मिळाला नाही. या वेळी टूर नको. भूमध्य समुद्राकाठचा असा एखादा भाग सुचवा, जिथे जुनं पुष्कळ आहे आणि रेटारेटी नाही. मुलगी म्हणते, आमाल्फीचा किनारा करा. यजमान म्हणतात, इटलीत जाऊन रोम आणि पॉम्पेई सोडायचं कसं? ते ६७ वर्षांचे आहेत, गुडघे दुखतात. चढ चढतात, पण हळू. मी शाकाहारी, अंडंही खात नाही. त्यांना मासे चालतात. हाताशी बारा दिवस आहेत. इंग्रजी येतं, इटालियन येत नाही. आम्हा दोघांना हे झेपेल का?

ताई, झेपेल. आणि तुमचं पत्र वाचताना एकच जागा डोळ्यांसमोर येत राहिली : चिलेंतो.

इटलीच्या नकाशावर नेपल्सपासून खाली बोट फिरवा. सालेर्नोचं आखात लागेल. त्याच्या उत्तरेच्या बाजूला मुलगी म्हणते तो आमाल्फीचा किनारा आहे. अरुंद रस्ते, महागड्या खोल्या आणि जिकडेतिकडे पायऱ्या. दुखऱ्या गुडघ्यांना ती जागा अजिबात मानवणार नाही. याच आखाताच्या दक्षिण टोकापासून पुढे चिलेंतोचे डोंगर सुरू होतात. ऑलिव्हच्या बागा, टेकड्यांवरची लहान गावं, खाली मोकळा किनारा आणि त्या किनाऱ्यावर ग्रीकांनी वसवलेली दोन शहरं : पेस्तुम आणि वेलिया. इथलं राष्ट्रीय उद्यान, ही दोन शहरं आणि पादुलाचा मठ हे सगळं मिळून १९९८ साली युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत गेलं. इटालियन लोक इथे उन्हाळ्यात पोहायला येतात. आपल्याकडच्या टूर मात्र इथवर फारशा येत नाहीत. नेपल्स, पॉम्पेई, कॅप्री झालं की त्या माघारी वळतात.

माझं तुम्हाला आग्रहाचं सांगणं एवढंच, की जिथले अवशेष बघायचे तिथेच रात्री झोपा. बहुतेक लोक नेपल्सहून सकाळी पेस्तुमला येतात, दोन तासांत सगळं उरकतात आणि परततात. तुम्ही तसं करू नका. तिथे तीन रात्री राहा. ज्या घाईला तुम्ही कंटाळलात, ती टूर कंपनी बदलून जाणार नाही. मुक्काम बदलला तरच जाईल.

आता पेस्तुमबद्दल सविस्तर सांगते, कारण तुमच्या सहलीचा जीव तिथे आहे. इ. स. पूर्व ६००च्या सुमारास सिबारिस या ग्रीक शहरातून आलेल्या लोकांनी ते वसवलं आणि समुद्रदेव पोसायडनच्या नावावरून त्याला पोसायडोनिया म्हटलं. पुढे डोंगरातले लुकेनियन लोक मालक झाले, आणि इ. स. पूर्व २७३मध्ये रोमनांनी आपली वसाहत केली तेव्हा पेस्तुम हे नाव रूढ झालं. शहराभोवती जवळपास पावणेपाच किलोमीटरचा दगडी तट आजही आहे. तटाच्या आत, सपाट गवताळ जमिनीवर, डोरिक या जाड, साध्या खांबांच्या ग्रीक शैलीतली तीन देवळं उभी आहेत. चुना नाही, दगडावर दगड, आपल्या हेमाडपंती देवळांसारखे बसवलेले. सर्वांत जुनं देऊळ इ. स. पूर्व ५५०च्या आसपासचं, मधलं ५००च्या, धाकटं ४६०च्या. म्हणजे व्हेसुव्हियसच्या राखेखाली पॉम्पेई गाडलं गेलं त्या वर्षी, इ. स. ७९मध्ये, यातलं धाकटं देऊळसुद्धा पाचशे वर्षांहून जुनं होतं. यजमानांना हे जरूर सांगा.

ती टिकली कशी, हे जाणून गेलात तर बघताना वेगळं वाटेल. नदीचं मुख गाळाने भरत गेलं, सखल भागात दलदल झाली, हिवताप पसरला आणि लोक हळूहळू डोंगरावर कापाच्चिओ गावाकडे सरकले. गावच ओस पडलं, त्यामुळे देवळं पाडून त्यांच्या जागी नवं शहर उभं राहिलं नाही. थोडा दगड नेला गेला, पण देवळं राहिली. अठराव्या शतकात युरोपातल्या अभ्यासकांचं लक्ष पुन्हा इकडे वळलं. पुढे इथून झालेल्या रस्त्यापायी रोमन अँफिथिएटरचा अर्धा भाग मात्र गेला. उरलेला अर्धा रस्त्याच्या कडेला दिसतो.

तुम्ही गणिताच्या, म्हणून एक काम देते. सर्वांत जुन्या देवळासमोर जाऊन दर्शनी खांब मोजा. नऊ भरतील. विषम संख्या, म्हणजे बरोबर मध्ये दाराऐवजी खांब! आतही छपराचा भार घ्यायला मधोमध खांबांची रांग आहे, म्हणून गाभारा दोन भागांत विभागला जातो. बाजूने मोजलेत तर अठरा. नऊची सरळ दुप्पट. मग शेजारच्या धाकट्या देवळाकडे जा. तिथे समोर सहा, बाजूला चौदा. शंभरेक वर्षांत बांधणाऱ्यांनी मधला खांब काढून देवाकडे जाणारी वाट मोकळी केली. उत्तरेचं अथेनाचं देऊळ सहा आणि तेराचं आहे. दुपटीत एक मिळवायचा, हे प्रमाण पुढे ग्रीकांच्या आवडीचं झालं. जुन्या देवळाचे खांब मध्यावर ठसठशीत फुगलेले आहेत आणि वर एकदम निमुळते होतात, धाकट्याचे जास्त सरळ. दोन्ही देवळं शेजारी शेजारी असल्यामुळे मान वळवली की फरक कळतो. एका वास्तुशैलीची वाढ अशी एका नजरेत बघायला मिळणं दुर्मीळ आहे.

फलकांवरच्या नावांनी गोंधळू नका. जुन्या देवळाला ‘बॅसिलिका’ म्हणतात, कारण अठराव्या शतकातल्या अभ्यासकांना ती रोमनांची सार्वजनिक इमारत वाटली होती. खरं तर ते हेरा देवीचं. धाकट्याला ‘नेपच्यूनचं देऊळ’ म्हणतात, पण ते नेमकं कोणाचं यावर अजून वाद आहे. त्याच्या आत शिरलात तर खांबांवर खांब अशा दुमजली रांगा अजून उभ्या दिसतील. बॅसिलिकेत जायला पायऱ्यांशिवायचा उताराचा मार्ग केला आहे, तेव्हा यजमानांना बाहेर थांबावं लागणार नाही.

देवळांची तोंडं पूर्वेला आहेत. सकाळी दर्शनी बाजूवर ऊन पडतं, संध्याकाळी समुद्राकडून येणारं ऊन मागच्या बाजूने खांबांतून आत येतं. जवळ मुक्काम असला की दोन्ही वेळा जाता येतं आणि दुपारचं ऊन टाळता येतं. ते टाळाच, कारण आवारात सावली जवळजवळ नाही. टोपी आणि पाण्याची बाटली विसरू नका.

दुपारसाठी समोरचं संग्रहालय राखून ठेवा. तिथे ‘पाणबुड्याचं थडगं’ आहे. १९६८ साली पुरातत्त्वज्ञ मारिओ नापोली यांना शहराच्या दक्षिणेला पाच दगडी फरशांचं एक थडगं सापडलं. आतून रंगवलेलं, इ. स. पूर्व ४८०-४७०च्या सुमाराचं. चार बाजूंवर मेजवानीला टेकून बसलेले पुरुष, वाद्यं, प्याले; आणि वरच्या झाकणावर, म्हणजे मेलेल्या माणसाच्या डोळ्यांसमोर येईल असा, उंचावरून पाण्यात सूर मारणारा एक तरुण. त्या काळातली ग्रीक भित्तिचित्रं जवळजवळ सगळी नष्ट झाली आहेत, त्यामुळे हे चित्र फार मोलाचं. माझ्या मते या सबंध किनाऱ्यावर याहून सुंदर काही नाही. त्याच संग्रहालयात सेले नदीच्या मुखाशी सापडलेल्या हेराच्या देवस्थानातल्या शिल्पपट्ट्याही आहेत, ग्रीक वीर हेराक्लीसच्या कथा कोरलेल्या. त्यांच्यासाठी वेगळा तास काढा.

पेस्तुमनंतर वेलिया. इथे तीन देवळांसारखं भव्य काही नाही आणि फोटोंत ती जागा साधी दिसते. तरीही मी तुम्हाला तिथे पाठवतेय, कारण ग्रीक लोक या शहराला एलिया म्हणत आणि एलियाचा तत्त्वज्ञ झेनो इथला. तोच, अकिलीस आणि कासवाच्या शर्यतीचा. त्याचंच आणखी एक कोडं : एखादं अंतर कापायचं तर आधी त्याचं अर्धं कापावं लागतं, मग उरलेल्याचं अर्धं, मग त्याचं अर्धं. मग माणूस पोहोचणार कधी? एक द्वितीयांश, एक चतुर्थांश, एक अष्टमांश अशी श्रेढी मांडून तिची बेरीज एक येते हे तुम्ही वर्गात शिकवलं असेलच. तो प्रश्न ज्याने पहिल्यांदा विचारला, त्याच्या गावातल्या फरसबंद चढावर तुम्ही चालणार आहात.

इराणी सैन्यापुढे आपलं फोकाया शहर सोडून निघालेले आशिया मायनरचे ग्रीक भटकत भटकत इ. स. पूर्व ५४०च्या सुमारास इथे पोहोचले. ग्रीक इतिहासकार हेरोडोटसने त्यांची ही परवड लिहून ठेवली आहे. झेनोचा गुरू पार्मेनिडीसही इथलाच. ‘जे आहे ते बदलत नाही’ असं म्हणणारा हा माणूस. प्लेटोने लिहिलंय, की तो पासष्टीला आणि झेनो चाळिशीला आलेला असताना दोघे अथेन्सला गेले आणि तिथे तरुण सॉक्रेटिसशी त्यांचा वाद झाला. उत्खननात पार्मेनिडीसचं नाव कोरलेला दगडही इथे मिळाला. वर चढल्यावर ‘पोर्ता रोझा’ लागते, इ. स. पूर्व चौथ्या शतकातली दगडी कमान, ग्रीकांनी बांधलेल्या मोजक्या खऱ्या कमानींपैकी एक. १९६४मध्ये तीही नापोली यांनाच सापडली आणि त्यांनी तिला आपल्या पत्नीचं नाव दिलं.

यजमानांच्या गुडघ्यांचा प्रश्न इथे येतो. पेस्तुम सपाट आहे, तिथे काळजी नाही. वेलियाचा खालचा भाग, रोमन स्नानगृहं वगैरे, तोही सोपा. पोर्ता रोझाकडे जाणारी जुनी फरसबंदी मात्र चढणीची आणि गुळगुळीत आहे, आणि त्याहून वर, टेकडीवरच्या मध्ययुगीन बुरुजापर्यंत अजून चढ आहे. घडीची काठी बरोबर घ्या, तळ पक्का असलेले बूट घाला, सकाळी दार उघडताच आत जा. उतरताना गुडघ्यांवर जास्त भार येतो, म्हणून अर्धी ताकद उतरण्यासाठी राखायला सांगा. दरड किंवा दुरुस्तीमुळे एखादी वाट कधी कधी बंद असते. तिकीट काढतानाच विचारा. पेस्तुम आणि वेलिया यांचा कारभार एकाच कार्यालयाकडे आहे, तेव्हा दोन्हींचं एकत्र तिकीटही तिथेच विचारा. महिन्याच्या पहिल्या रविवारी सरकारी संग्रहालयं फुकट असतात आणि म्हणूनच त्या दिवशी गर्दी होते.

जेवणाची चिंता तुम्ही करताय त्याच्या निम्मीच करा. चिलेंतोचं घरगुती जेवण मुळात कडधान्यं, भाज्या आणि ऑलिव्हच्या तेलावर चालतं. अमेरिकी शरीरक्रियाशास्त्रज्ञ ॲन्सेल कीज यांनी इथल्या पिओप्पी गावात घर करून वर्षानुवर्षं या आहाराचा अभ्यास केला आणि स्वतः शंभर वर्षं जगले. २०१०मध्ये युनेस्कोने भूमध्यसागरी आहाराला वारसा म्हणून मान्यता दिली, तेव्हा इटलीकडून चिलेंतोचंच नाव पुढे होतं. ‘लागाने ए चेची’ मागा : कणकेच्या रुंद पट्ट्या आणि छोले. चिचेराले गावाचे छोले आणि कोंत्रोनेचा पांढरा घेवडा प्रसिद्ध आहेत. ‘आक्वासाले’ म्हणजे कडक पाव पाण्यात भिजवून वर टोमॅटो, तेल, मीठ. पांढरे अंजीर तर घरी घेऊन यावेत असे.

दोन गोष्टींना मात्र जपा. पेस्तुमच्या आसपास म्हशी पाळतात आणि त्यांच्या दुधाचं ताजं मोझरेला सकाळी सकाळी चीजघरात बनताना बघता येतं. पण ते दूध वासराच्या जठरातून काढलेल्या रेनेटने गोठवतात, पारमेझानचंही तेच. तुम्हाला ते चालत असेल तर आनंदाने खा, नसेल तर ‘सेंत्सा फोर्माज्जो’, चीज नको, असं सांगा. दुसरं, भाज्यांच्या पदार्थातही चवीला अँचोव्ही मासे पडतात आणि डाळींच्या सूपला मांसाचं पाणी असू शकतं. एका कागदावर इटालियनमध्ये मांस, मासे, अंडी आणि मांसाचं पाणी नको असं लिहून घ्या आणि वेटरच्या हातात द्या. तोंडी सांगण्यापेक्षा हे खात्रीचं. यजमानांनी वेलियाजवळच्या पिशोत्ताचे, ‘मेनाइका’ जाळ्याने पकडलेले अँचोव्ही चाखावेत. दुपारी अडीचनंतर स्वयंपाकघरं बंद होतात आणि रात्री साडेसातच्या आधी उघडत नाहीत. आपल्या भुकेच्या वेळा सांभाळायला खाऊ बरोबर ठेवा.

राहायला ‘आग्रितुरिस्मो’ शोधा. शेतावरचं घर, खोली आणि रात्रीचं जेवण. आपल्याकडच्या कृषी पर्यटनासारखंच. आधी कळवलं तर शाकाहारी जेवण मनापासून करतात. बुकिंगच्या वेळी तळमजल्याची खोली मागा. तीनमजली घराला लिफ्ट असेलच असं नाही.

आता यजमानांचं रोम आणि पॉम्पेई. त्यांचा हट्ट मला पटतो, आणि बारा दिवसांत तो पुरवताही येतो. रोमला विमानाने उतरा आणि थेट जलद रेल्वेने सालेर्नोला जा, साधारण दोन तास. तिथे दोन रात्री. दुसऱ्या दिवशी सकाळी रेल्वेने पॉम्पेई. तिथे आता दिवसाला २०,००० लोकांचीच मर्यादा आहे आणि तिकिटावर नाव असतं, म्हणून आधी ऑनलाइन काढा आणि पासपोर्ट बरोबर न्या. सबंध पॉम्पेई बघायचं मनात आणू नका, त्या ओबडधोबड फरसबंदीवर गुडघे पहिल्याच दिवशी बोलायला लागतील. चार घरं, चौक, स्नानगृह, बास. मग पेस्तुमला तीन रात्री, वेलियाजवळ मरिना दि अशेआला तीन रात्री, आणि शेवटी रोमला दोन. पादुलाचा भलामोठा मठ मी मुद्दाम यादीत घेतला नाही. गाडी असेल तरच तो सोयीचा.

सालेर्नो, पेस्तुम आणि अशेआ एकाच रेल्वेमार्गावर आहेत. पेस्तुमचं स्टेशन तटापासून चालत जाण्याच्या अंतरावर आहे. अशेआहून वेलियाला टॅक्सी लागेल, ती राहत्या घरमालकाकडून ठरवून घ्या. सगळ्या गाड्या या छोट्या स्टेशनांवर थांबत नाहीत, म्हणून वेळापत्रक आदल्या दिवशी बघा. कागदी तिकीट घेतलंत तर चढण्याआधी फलाटावरच्या यंत्रात त्यावर शिक्का मारून घ्या, नाहीतर दंड होतो. रेल्वेचे संप आधी जाहीर होतात. निघण्याच्या आठवड्यात ‘शोपेरो’ हा शब्द टाकून शोधा. गाडी भाड्याने घ्यायचा विचार असेल तर आरटीओकडून आंतरराष्ट्रीय परवाना लागेल. पण उजव्या बाजूने चालवणं आणि घाटातली वळणं पाहता मी तुम्हाला रेल्वे आणि टॅक्सीच सुचवेन.

कधी जायचं? मे किंवा सप्टेंबरचा दुसरा पंधरवडा. आता शाळेच्या सुट्ट्यांशी तुम्ही बांधलेल्या नाही, त्याचा फायदा घ्या. ऑगस्टमध्ये अख्खी इटली समुद्रावर असते. दिवाळीच्या सुमारास गेलात तर पाऊस गाठू शकतो, किनाऱ्यावरची बरीच घरं बंद झालेली असतात, आणि ऑक्टोबरच्या शेवटच्या रविवारी घड्याळं तासभर मागे जातात, मग पाचच्या सुमारास अंधार.

व्हिसा शेंगेनचा, म्हणजे युरोपातल्या बहुतेक देशांना मिळून चालणारा, पण काढायचा इटलीचा. अर्ज व्हीएफएस या व्हिसाचे अर्ज घेणाऱ्या कंपनीच्या केंद्रात द्यायचा, प्रवासाच्या सहा महिने आधीपासून देता येतो. बोटांचे ठसे मागच्या युरोप प्रवासात दिले असतील तर ५९ महिन्यांपर्यंत ते पुन्हा वापरता येतात, तरी जुना पासपोर्ट बरोबर न्या. विमा किमान ३०,००० युरोचा हवा आणि त्यात गुडघ्यांसारखी आधीपासूनची दुखणी धरली आहेत का, हे विमा एजंटला स्पष्ट विचारा. शुल्क माणशी ९० युरो, शिवाय केंद्राचं सेवाशुल्क. टूर कंपनी जे सगळं परस्पर करत होती, ते आता तुम्हाला करायचंय : रोजचा कार्यक्रम, प्रत्येक रात्रीचं बुकिंग, बँकेची कागदपत्रं. व्हिसा हातात येईपर्यंत रद्द करता येतील अशाच खोल्या घ्या.

मे महिन्यात निघायचं असेल तर डिसेंबरातच व्हीएफएसची तारीख बघायला लागा. उन्हाळ्याच्या सुट्टीतल्या तारखा फार लवकर भरतात.